कोंडवाड्यातले नंदी

"ज्या मालाले घेणारा एकच, तो माल आपला नसते, पोरी. तो त्याचाच असते. आपण नुसती राखण करतो."

जन्मभर कापूस पिकवून विकलेले अण्णाजी असं म्हणाले तेव्हा कोकिळा अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. सासऱ्यांचं बोलणं तिनं ऐकलं, देठांबरोबर बाजूला टाकलं आणि हसून म्हणाली, "मामंजी, कापसाचं वेगळं, नंदीचं वेगळं. कापूस दरसाल पिकतो. आता शंभर वर्षांपूर्वीचा नंदी कोणी पिकवून दाखवावा!"

सून बी.ए. होती, तेही अर्थशास्त्र घेऊन. एकोणऐंशी सालच्या सिंदी मेघ्यात बी.ए. झालेली सून म्हणून लोक तिच्याकडे बोट दाखवायचे, आणि अण्णाजींची तर छाती फुगायची. वर्ध्याच्या गोलबाजारात कोणी ओळखीचं भेटलं की पाऊसपाण्याचं एक वाक्य, बियाण्याचं एक वाक्य आणि तिसऱ्या वाक्याला सुनेची डिग्री. त्यामुळे सुनेनं शास्त्र काढल्यावर त्यांनी वाद घातला नाही. गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून त्यालाच म्हणाले, "शिकलेलं माणूस हाय, बाप्पा. असंल तसंच."

झालं होतं असं, की शेजारच्या बापूरावांच्या माळ्यावर, गोवऱ्यांच्या ढिगामागे, त्यांच्या आजोबांचा सागवानी नंदी पडलेला होता. आमच्याकडे पोळ्याला खरे बैल तोरणाखाली उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी पोरं चाकं लावलेले लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघरी नेतात, घरची बाई नंदीला ओवाळते, पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ किंवा चार पैसे ठेवते. घरोघरी असा एखादा नंदी असतोच. बापूरावांचा तर एक कान तुटलेला. तो नागपूरहून आलेल्या एका माणसानं पाहिला, ठोकला, हुंगला आणि दुभत्या गाईच्या भावात उचलून नेला. गावात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आपले जुने नंदी चुलीत घातले होते, ते कपाळाला हात लावून बसले.

त्या माणसाचं नाव हरकिसनजी. अंगात सफारी, खिशात भिंग. नंदीच्या पोटावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचा, डॉक्टर छाती तपासतो तसा. कोकिळेला म्हणाला, "बहनजी, ये नंदी नहीं, बँक हाय बँक. मुंबईवाले, विलायतवाले दिवाणखान्यात ठेवतात. आज घ्या, दोन साल विसरून जा, मग बघा."

कोकिळेला ते पटलं. त्याच्या बोलण्यात तिला तिचं पुस्तक दिसलं. जी वस्तू नव्यानं होत नाही आणि मागणारे वाढतात, तिचा भाव चढतो. पण खरं कारण पुस्तक नव्हतं. खरं कारण होतं गुलाब, तिची पाच वर्षांची मुलगी. गुलाब शिंकली तरी कोकिळेला ताप चढायचा. ती शाळेतून यायला जरा उशीर झाला की कोकिळा फाटकाशी. एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात पांढऱ्या कोटातली बाई पाहून गुलाब म्हणाली होती, "मले असा कोट पायजे." तेव्हापासून तो कोट कोकिळेच्या डोक्यात टांगलेला होता. हिंगणघाटच्या आईनं तिला चार पाटल्या दिल्या होत्या, त्याही ह्याच बोलीवर. आई म्हणाली होती, "तुह्या शिक्षणात माह्या गेल्या. ह्या तुह्या लेकीच्या शिक्षणाले. अंगावर मिरवाच्या नाईत."

पाटल्या डब्यात नुसत्याच बसून आहेत, असं कोकिळेला वाटू लागलं.

तिच्या नवऱ्याला, प्रभाकररावांना, तिनं विचारलं. ते जिनिंगमध्ये हिशेबनीस, स्वभावानं थंड आणि जिभेनं गोड. म्हणाले, "पाटल्या तुझ्या, लेक आपली, डोकं तुझं. मी काय बोलणार?" आणि पहिला नंदी घरात आला तेव्हा, "लग्नात मी बैलजोडी मागितली नव्हती बा. ही आता व्याजासकट देऊन राह्यली."

पहिला आला, मग दुसरा, मग तिसरा. कोकिळा सेलूला गेली, देवळीला गेली, आष्टीच्या बाजारापर्यंत एसटीनं जाऊन आली. एकाचे डोळे कवड्यांचे होते, एकाच्या वशिंडाला पितळी पत्रा होता. एक इतका उंच होता की त्याचं तोंड गुलाबच्या खांद्याला लागे. पहिल्या वर्षी हरकिसनजीनं तिच्याकडचाच एक नंदी दुप्पट भावानं परत घेतला. पैसे रोख. कोकिळेनं ते पैसे हातात धरले आणि तिला वाटलं, आपली डिग्री आज खरी झाली. त्याच बैठकीत हरकिसनजीनं आपल्या गाडीतून दोन "खास पुराने" नंदी काढले. आलेले पैसे, वर आणखी एक पाटली, आणि नंदी घरात.

मागची खोली त्यांच्यासाठी रिकामी झाली. ज्वारीची पोती पडवीत आली. सासूबाईंना, देवकाबाईंना, हे अजिबात रुचलं नाही. "माणसं पडवीत अन् लाकडं खोलीत," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा म्हणत. "आमच्या घरी बैल दोन अन् साहेब सात. साहेबांले हात लावाचा नाई, झटकाचं नाई, पुसाचं नाई!"

कारण हरकिसनजीची तशी ताकीद होती. जुना रंग, जुनी धूळ, जुना तेलकटपणा, सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. "बहनजी, धूळ भी दाम देती है." म्हणून खोलीला कुलूप, आणि किल्ली कोकिळेच्या कमरेला.

गुलाबला हे कुलूप कळेना. तान्ह्या पोळ्याला तिनं मोठा नंदी मागितला, आईनं गोलबाजारातून वीतभर नवा नंदी आणून दिला. पुढच्या वर्षी पुन्हा मागितला, पुन्हा तोच वीतभर नंदी पुढे केला. मग गुलाबनं मागणं सोडलं. ती मागच्या खिडकीशी जाऊन गजांतून आत गवताच्या काड्या टाकायची. एकदा कोकिळेनं तिला धरलं.

"काय करून राह्यली गं?"

"चारा देऊन राह्यली. आई, यांनी कोणाचं वावर खाल्लं?"

"कोणाचंच नाही. असं काऊन विचारतेस?"

"मंग कोंडवाड्यात काऊन टाकले?"

देवकाबाई ओट्यावर गहू पाखडत होत्या. त्या इतक्या हसल्या की सूप हातातून निसटलं. त्या दिवसापासून घरात त्या खोलीचं नाव कोंडवाडा. प्रभाकरराव जेवताना विचारायचे, "काय, आज कोंडवाड्यात किती जमा?" कोकिळाही हसायची, पण हसता हसता कमरेची किल्ली चाचपायची. दर दोन-तीन महिन्यांनी हरकिसनजी यायचा, नंदी मोजायचा, भाव आणखी चढला म्हणून सांगायचा. कोकिळा विचारी, "मग आता विकू?" तो कानाची पाळी धरी. "अभी? अभी नको, बहनजी. कच्चं फळ तोडता का?" एक्क्याऐंशीच्या ज्येष्ठात तो आणखी दोन देऊन गेला आणि म्हणाला की पोळ्याच्या सुमारास मुंबईची एक मोठी बाई घेऊन येतो, सगळेच्या सगळे एकदम काढू. त्या दोघांत शेवटची पाटली गेली.

त्याच उन्हाळ्यात अण्णाजींनी आपली बैलजोडी काढली होती. गुडघे उरले नव्हते. वावर बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दिलं, आणि बैल सेलूकडच्या एका चांगल्या घरी. ते स्वतः बैलांबरोबर चालत गेले, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, आणि येताना एसटीनं आले. आल्यावर देवकाबाईंनी पाट मांडला तर म्हणाले, "भूक नाई." पुढे कित्येक दिवस सकाळी उठले की सवयीनं गोठ्याकडे वळायचे आणि अर्ध्या वाटेतून परतायचे. कोकिळेनं ते पाहिलं होतं. तिच्या नजरेतून घरातलं काही सुटत नसे. पण त्यावर करायचं काय, ते तिला सुचलं नव्हतं.

पोळ्याच्या आधी हिंगणघाटहून निरोप आला, बहीण बाळंत झाली म्हणून. कोकिळा गुलाबला घेऊन गेली. जाताना किल्ली सासूबाईंकडे दिली. "घूस लागते का तेवढं पाहा फक्त. हात लावू नका."

पोळ्याच्या दिवशी दुपारी मायलेकी परतल्या. गल्लीच्या तोंडाशीच ओल्या तेलरंगाचा वास आला. कोकिळा गुलाबचा हात धरून भरभर चालू लागली.

अंगणात नंदी ओळीनं उभे होते. सगळे. पांढरेशुभ्र. शिंगं निळी-लाल, वर बेगड चिकटवलेली. पाठीवर हिरव्या झुली काढलेल्या, आणि झुलींवर पिवळी फुलं. खांद्यांवर हळद-तुपाचे ओघळ. पितळी पत्र्याचं वशिंड चिंचेनं घासून आरशासारखं केलेलं. आणि त्यांच्यामध्ये धुतलेलं धोतर नेसून, हातभर रंग माखलेले अण्णाजी.

"पाय, पोरी!" ते म्हणाले. त्यांचा आवाज तिनं कित्येक महिन्यांत असा ऐकला नव्हता. "काल सगळ्यांचे खांदे शेकले. म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पोयाच्या दिवशी माह्या दारात बैल नाई, असं जन्मात झालं नाई. अन् हे बिचारे आत काये-कुट्ट तोंड घेऊन बसून! नऊ बैलांचा मालक झालो मी या वयात. साऱ्या सिंदी मेघ्यात हाय काय कोणाकडे?"

प्रभाकरराव भिंतीशी उभे राहून जमिनीकडे पाहत होते. देवकाबाई चटकन पुढे आल्या, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "मी दोनदा नाई म्हटलं. मंग त्याहीचं तोंड पाह्यलं अन् तिसऱ्यांदा नाई म्हणवलं नाई. आज काई बोलू नोको, माय. उद्या मले बोल."

कोकिळा आत गेली. पडवीतल्या ज्वारीच्या पोत्यांना टेकून बसली. चार पाटल्या, पांढरा कोट, मुंबईची बाई, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. बाहेरून अण्णाजींचा आवाज येत होता. बापूरावांना ते एकेका नंदीचं कूळ सांगत होते, कोणता आष्टीचा, कोणता देवळीचा, सुनेनं कसा शोधून आणला. "बी.ए. हाय ना! तिची नजरच तशी."

ती उठली. तोंड धुतलं. आरतीचं ताट केलं, पुरणाचा घास घेतला आणि बाहेर येऊन एकेका लाकडी बैलाला ओवाळलं, खऱ्या बैलांना ओवाळतात तसं, खुरांवर पाणी घालून. रंग ओला होता, तिच्या बोटांना लागला. अण्णाजींनी फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाले की धूर गेला डोळ्यांत. धूर कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, हरकिसनजीची जीप दारात उभी राहिली. गल्लीतली पोरं, इडापिडा जावी म्हणून पळसाच्या फांद्या गावाबाहेर टाकून, "माश्या, ढेकूण, खोकला घेऊन जाय वो मारबत!" असं ओरडत परतत होती. हरकिसनजीच्या मागून काळा चष्मा लावलेली एक बाई उतरली, मुंबईची. ती अंगणातल्या बैलांपाशी थांबली. हरकिसनजीचं तोंड मात्र उतरलं. त्यानं एका नंदीवरून बोट फिरवलं, बोटाला पांढरा रंग आला.

"बहनजी," तो म्हणाला, "ये तो खिलौने हो गये."

"खेळणीच होती ती," गुलाब म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

हरकिसनजीनं कोकिळेला गोठ्याच्या आडोशाला नेलं. हळू आवाजात, समजूत घातल्यासारखा बोलू लागला. काही बिघडलं नाही. सोड्यानं रंग उतरवायचा. मग उकळलेल्या चहाच्या पाण्याचे दोन हात, वर काजळी आणि अळशीचं तेल, आणि आठ दिवस गोवऱ्यांच्या धुरात. दिवाळीपर्यंत पुन्हा आजोबांच्या वेळचे. बाईंना आज असेच परत नेतो.

कोकिळा ऐकत होती. चहा, काजळी, अळशी, गोवऱ्यांचा धूर. हा वास तिच्या ओळखीचा होता. हरकिसनजीनं आपल्या गाडीतून काढून दिलेल्या नंदींना हाच वास होता. आष्टीच्याला नव्हता, देवळीच्याला नव्हता, फक्त त्याच्याकडच्यांना. त्या वासाला ती म्हातारपणाचा वास समजली होती. नाक लावून खात्री करून घेतली होती, कौतुकानं.

"अन् ह्या बाईंना काय सांगाल?" तिनं विचारलं.

"वही, जो आपको..." हरकिसनजी म्हणाला आणि थांबला. मग हसला. "धंदा है, बहनजी. आपके भी पैसे फसे हैं, मेरे भी."

इथं कोकिळेला फक्त मान डोलवायची होती. चार पाटल्या परत येण्याचा तेवढा एकच रस्ता तिला दिसत होता, आणि तो सोड्याच्या पाण्यातून आणि चहाच्या पाण्यातून जात होता. तिनं अंगणाकडे पाहिलं. अण्णाजी मुंबईच्या बाईला हातवारे करून झुलीवरचं पिवळं फूल दाखवत होते, तिची भाषा येत नसताना. हे फूल खरवडायचं. आणि खरवडताना मामंजी कुठं बसतील? गोठ्यात? तिकडेही आता काही नाही.

ती सरळ बाईपुढे जाऊन उभी राहिली. कॉलेज सुटल्यापासून तोंडातून न निघालेलं इंग्रजी तिनं बाहेर काढलं. पहिलं वाक्य अडखळलं, दुसऱ्यापासून गाडी रुळावर आली. तिनं सांगितलं की या नऊंपैकी चार जुने नाहीतच, हे मला आताच कळलं. उरलेले खरे जुने आहेत, पण त्यांना माझ्या सासऱ्यांनी काल पोळ्यासाठी रंगवलं आहे. रंग आम्ही खरवडणार नाही. तुम्हाला कोणी दिवाळीत जुने करून दाखवले, तर ते हेच असतील.

हरकिसनजीला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याला सगळं समजलं. अण्णाजींना एक अक्षर समजलं नव्हतं, आणि त्यांचं तोंड आनंदानं उघडंच राहिलं होतं. ते बापूरावांना कोपरखळी मारून म्हणाले, "काय म्हणली ते समजलं नाई. पण काय फाडफाड म्हणली, पाह्यलं?"

बाईनं काळा चष्मा काढला. तिनंही सरळ उत्तर दिलं. सांगितल्याबद्दल तुमचे आभार, पण हे जुने असते तरी मी घेतले नसते. वर्षभरात लाकडी जनावरांना कोणी विचारत नाही, आता लोकांना पितळी समया हव्यात. ते तर मी ह्यांना चैत्रातच कळवलं होतं. इकडे मी समयाच पाहायला आले आहे.

चैत्रात. आणि हरकिसनजी ज्येष्ठात आणखी दोन देऊन गेला होता. कोकिळेनं त्याच्याकडे पाहिलं. तो जीपचं चाक तपासत होता, चाकाला काही झालेलं नसताना. जीप वळली तशी गल्लीतल्या पोरांनी तिच्यामागे धाव घेतली. कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळी एका सुरात ओरडू लागली, "घेऊन जाय वो मारबत!" देवकाबाईंनी त्यांना एकदाही दटावलं नाही.

"पाटल्या गेल्या?" जीप दिसेनाशी झाल्यावर त्यांनी विचारलं.

"गेल्या, आत्याबाई."

"चारी?"

"चारी."

देवकाबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "माह्या सुनेनं माह्या अंगणात खोटं नाई बोललं. हे मी तुह्या मायले सांगीन. पाटल्यांचं तूच सांग."

गुलाब आपला वीतभर नंदी काखेत धरून हे सगळं बघत होती. कोकिळा तिच्यापुढे वाकली. "कोणता नेतेस?"

"यांच्यातला?"

"यांच्यातलाच."

"सुटले?"

"सुटले बाप्पा एकदाचे," प्रभाकरराव म्हणाले आणि उंच नंदीला दोरी बांधायला बसले.

गुलाबनं उंच घेतला. उरलेले आठ घ्यायला पोरं कमी पडली नाहीत. बापूरावांचे नातू आले. पूर्वी शेताच्या कामावर येणाऱ्या रामबाईच्या गंगानं आपला मातीचा बैल कोकिळेच्या हातात सांभाळायला दिला आणि कवड्यांच्या डोळ्यांचा निवडला. चाकं करकरत होती, अण्णाजींनी त्यांना एरंडीचं तेल घातलं. मग नऊ नंदी एका ओळीत सिंदी मेघ्याच्या रस्त्यानं निघाले, आणि मागून फेटा बांधलेले अण्णाजी, गुडघ्याचं नाव न काढता. ते चालता चालता झडत्या, पोळ्याची ती गमतीची कवनं, म्हणत होते, जागच्या जागी रचून:

"सागाचा बैल, चाकाचा पाय,
चारा मागत नाई, पाणी पीत नाय,
धनी म्हातारा, धनीन बी.ए.,
बोजारा देल्याशिवाय पुढं न जाये!"

लोक दारात येऊन हसत होते. बायका ओवाळत होत्या. कोकिळा हातात गंगाचा मातीचा बैल घेऊन सगळ्यांच्या मागे चालत होती. गुलाबचा नंदी कुठं ठेचकाळतो का, गाडी तर येत नाही ना, यावर तिची एक नजर होती. दुसरी नजर त्या पाठमोऱ्या फेट्यावर होती. शाळेच्या मैदानात नंदी तोरणाखाली लागले. बक्षीस मिळालं नाही. ते झाकी, म्हणजे देखावा, करून आलेल्या एका पोराला गेलं, त्यानं बैलगाडीच केली होती. अण्णाजी अजूनही म्हणतात की पंचांना मोतीबिंदू होता. पण त्या दिवशी मैदानात माणसं कोणाभोवती जमली होती, ते सगळ्यांनी पाहिलं.

पाटल्या काही परत आल्या नाहीत, हे सांगायलाच हवं. कोकिळा हिंगणघाटला गेली आणि आईला तोंडानं सांगून आली. पुढच्या जूनमध्ये वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत रजेच्या जागेवर लागली, मग कायम झाली. पाटल्यांनी जे केलं असतं ते आता पगार करतो, थोडं हळू करतो. गुलाब दहावीला आहे, आणि पांढऱ्या कोटाचं वेड उतरलेलं नाही. गोलबाजारात अण्णाजींना आता तीन वाक्यं पुरत नाहीत. डिग्रीनंतर नोकरी, नोकरीनंतर, "अन् त्या मुंबईवालीले इंग्रजीत काय सुनावलं, मालूम हाय का?" नंदी दर पोळ्याला नव्यानं रंगतात. दर वर्षी कोणी ना कोणी एखादं चाक मोडतं.

एक गोष्ट मात्र कोकिळेच्या मनातून जात नाही. नोकरी लागण्याच्या आधी, त्याच हिवाळ्यात, हरकिसनजी आणखी कोणाकोणाकडे जात असे ते विचारत विचारत ती दारोदार गेली होती. कोणी ऐकलं, कोणी शिव्या घातल्या. आष्टीत बाजाराच्या मागच्या अंगाला आनंदाबाई म्हणून एक बाई राहतात. नवरा नाही, मुलगा दूर, वर्षातून एखाद्या वेळी येतो. त्यांनी शेळ्या विकून अकरा नंदी घेतले होते. कोकिळेनं सगळं सांगितलं, चहाच्या पाण्यासकट. आनंदाबाईंनी तिला गूळ-पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुह्यावाल्यांले तुह्या सासऱ्यानं रंग फासला, म्हणून ते वाया गेले. माह्ये तं जसेच्या तसे हायेत. तो येते का नाई, पाय."

त्यांना एकच खोली. ती नंदींची. आपली खाट त्यांनी ओसरीत टाकली होती, ताडपत्रीच्या आड, कारण आत माणसाच्या श्वासानं रंगाला ओल धरते असं हरकिसनजी सांगून गेला होता. कोकिळा त्यानंतर दोनदा जाऊन आली. खाट तिथंच. नोकरी लागल्यावर तिसऱ्यांदा गेली, तेव्हा आनंदाबाईंनी ताडपत्री बाजूला केली नाही. आडूनच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मले शिकवू नोको." त्या आवाजातला ताठा कोकिळेला ओळखू आला. तो तिच्या स्वतःच्याही आवाजात होता, अंबाडी निवडताना.

ही गोष्ट लिहून झाल्यावर कोकिळेला वाचून दाखवली. तिनं पाटल्यांबद्दल काही बदलायला सांगितलं नाही, नवऱ्याच्या विनोदांबद्दलही नाही. फक्त म्हणाली, शेवटी हे घाला: तुमच्यापैकी कोणाचं आष्टीच्या बाजाराला जाणं झालं, तर आनंदाबाईंच्या घरावरून जा. माझं नाव काढू नका. पाणी मागा, ते त्या देतात. आणि पाणी पिता पिता तेवढं बघा, खाट अजून ओसरीत आहे का. असेल तर धरा एका बाजूनं, आणि आत नेऊ लागा. परक्या माणसाला त्या नाही म्हणणार नाहीत. यंदा थंडी लवकर पडली आहे.